अर्ज क्रमांक १: नेब्रास्कातल्या एका शेतकऱ्याचा कागदांवरून घेतलेला माग

चौदा बाय वीस फुटांचं एकमजली घर, थोडं ओंडक्यांचं, थोडं फळ्यांचं. दोन दारं, दोन खिडक्या, लाकडी फळकुटांचं छप्पर, पायाखाली फळ्या. सुमारे ३५ एकर जमीन कुंपण घालून, नांगरून पिकाखाली आणलेली. एक तबेला, १०० फूट लांबीचा मेंढवाडा, मक्याची कणसं साठवायची कणगी, सफरचंदाची ४० झाडं आणि पीचची सुमारे ४००.

२० जानेवारी १८६८ रोजी ब्राउनव्हिलच्या सरकारी जमीन कचेरीत जोसेफ ग्राफ आणि सॅम्युअल किलपॅट्रिक या दोघांनी शपथेवर दिलेला हा तपशील आहे. ज्याच्यासाठी ते साक्षीला उभे राहिले तो डॅनियल फ्रीमन. अमेरिकेत ‘पहिला होमस्टेडर’, म्हणजे सरकारी जमीन कसून तिचा मालक झालेला पहिला शेतकरी, म्हणून त्याचं नाव घेतलं जातं आणि त्याच्या जमिनीवर आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी शेतकरी पूर्वजाचा शोध कसा घ्यायचा हे समजून घ्यायला त्याच्याइतकं सोयीचं उदाहरण मिळणार नाही. तो प्रसिद्ध आहे हे याचं कारण नाही. बहुतेक प्रत्येक प्रकारचा कागद त्याच्या बाबतीत तपासता येतो आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक कागद बेसावध वाचणाऱ्याला फसवतो, हे खरं कारण.

अमेरिकेत वाढलेल्या नातवंडांचा किंवा तिकडच्या सुनेचा-जावयाचा वंशवृक्ष लावायला बसलेल्या मराठी मंडळींची सुरुवातीलाच एक अडचण होते. आपल्याला सातबारा, फेरफार आणि जन्ममृत्यूची नोंद हे एकाच गावाशी बांधलेले कागद ठाऊक असतात. तिथला शेतकरी आयुष्यात तीन-चार वेळा राज्यं बदलतो आणि त्याच्या कागदांचे मालकही बदलत जातात: जमीन देणारं केंद्र सरकार, खरेदीखतं नोंदवणारी काउंटी (तिकडचा जिल्हा), दहा वर्षांनी एकदा दारात येणारा जनगणनेचा माणूस. या तिघांचा आपसात काही संबंध नसतो.

नंबर एकचा अर्थ

होमस्टेड कायद्यावर लिंकनची सही झाली २० मे १८६२ रोजी आणि तो लागू झाला १ जानेवारी १८६३ पासून. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या, नागरिक असलेल्या किंवा नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेल्या, आणि सरकारविरुद्ध कधी शस्त्र न उचललेल्या कोणालाही १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येत होती. सगळं शुल्क धरून खर्च १८ डॉलरच्या आसपास. पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची, दोन साक्षीदार आणायचे, की सनद मिळे. तिकडे तिला पेटंट म्हणतात. सरतेशेवटी या मार्गाने सुमारे १६ लाख सनदा दिल्या गेल्या आणि जवळपास २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. शेतकरी पूर्वज शोधणाऱ्याने म्हणूनच सर्वांत आधी हा दरवाजा ठोठावावा.

फ्रीमनच्या कागदांवर अर्ज क्रमांक १ आहे आणि पुरावा मान्य झाल्यावर मिळणाऱ्या अंतिम दाखल्याचा क्रमांकही १ आहे. त्यावरून ‘देशातला पहिला’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. पण हे क्रमांक देशभर एकाच मालिकेत दिलेले नव्हते. प्रत्येक जमीन कचेरी स्वतःची मोजणी एकपासून सुरू करी. ब्राउनव्हिलमध्ये क्रमांक १ होता, तसा इतर कचेऱ्यांतही क्रमांक १ होताच. डकोटा टेरिटरीतल्या व्हर्मिलियनच्या कचेरीतून मॅलन गोर याच्या नावाने पहिलेपणाचा दावा सांगितला जातो तो याच कारणाने. कागद सिद्ध करतो ते एवढंच: ब्राउनव्हिलच्या कचेरीत या कायद्याखालचा पहिला अर्ज फ्रीमनचा होता आणि तारीख १ जानेवारी १८६३ होती.

मध्यरात्रीची गोष्ट वेगळी. अमेरिकी गृहयुद्ध चालू होतं, फ्रीमन सैन्यातून रजेवर आला होता, त्याला लगेच परतायचं होतं, नववर्षाच्या आदल्या रात्री गावातल्या समारंभात त्याने कचेरीच्या माणसाला गळ घातली आणि बारा वाजून गेल्यावर कचेरी उघडून अर्ज घेतला गेला, असं सांगतात. अर्जावर तारीख आहे, वेळ नाही. त्यामुळे ‘मध्यरात्री’ हा शब्द वंशावळीच्या तक्त्यात लिहायचाच तर तो ‘कुटुंबात सांगितलेली कथा’ या रकान्यात जाईल. प्रत्येक घराण्यात अशी एक गोष्ट असते. ती फेकून द्यायची नसते, फक्त तिची जागा वेगळी ठेवायची असते.

साध्या पूर्वजाच्या शोधात हे क्रमांक आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहेत. फ्रीमनचा अर्ज आणि अंतिम दाखला यांचा क्रमांक एकच निघाला, असं सहसा होत नाही. अर्ज करणारे पुष्कळ, टिकणारे कमी, त्यामुळे अंतिम दाखल्याचा क्रमांक अर्जाच्या क्रमांकापेक्षा बराच लहान असतो. सनद मिळालेल्यांच्या फायली अंतिम दाखल्याच्या क्रमांकाखाली ठेवल्या आहेत, तर रद्द झालेल्या अर्जांच्या फायली अर्जाच्या क्रमांकाखाली. मागणीपत्रात एका क्रमांकाच्या जागी दुसरा गेला की ‘फाइल सापडली नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस समजतो की कागद जळाला असेल.

जमीन कुठे आहे हे आधी कागदावर काढा

ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय जमीन खात्याच्या संकेतस्थळावर जुन्या सनदांची सूची मोफत पाहता येते. राज्य नेब्रास्का, काउंटी गेज, आडनाव फ्रीमन एवढं घातलं की काम होईल असं वाटतं. होतंही. पण फ्रीमन हे आडनाव सर्रास आढळणारं, आणि जर्मन किंवा चेक आडनाव असेल तर कारकुनाने ते कसं ऐकलं त्यावर सगळं अवलंबून. म्हणून नावाने एकदा शोधून झालं की त्याच पानावर जमिनीच्या वर्णनावरून पुन्हा शोधावं.

फ्रीमनच्या जमिनीचं वर्णन असं: सेक्शन २६ च्या वायव्य चौथाईचा दक्षिण अर्धा भाग, त्याच चौथाईची ईशान्य चौथाई, आणि ईशान्य चौथाईची नैर्ऋत्य चौथाई. टाउनशिप ४ उत्तर, रेंज ५ पूर्व, सहावी मुख्य मध्यान्हरेषा. वाचताना डोकं गरगरतं, पण ही पद्धत आपल्या खरेदीखतातल्या चतुःसीमेपेक्षा सोपी आहे. ‘पूर्वेस अमुकचं शेत, दक्षिणेस ओढा’ अशा धर्तीची वर्णनं व्हर्जिनिया, केंटकी अशा जुन्या राज्यांत भेटतात. नेब्रास्कात सगळा प्रदेश चौरसांत कापलेला आहे. सहा मैल बाय सहा मैल म्हणजे एक टाउनशिप, तिचे एक-एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. सेक्शनांचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात आणि नांगराच्या तासासारखे वळत जातात: पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. या हिशेबाने सेक्शन २६ पाचव्या ओळीत, पूर्वेकडून दुसरा.

टाउनशिप ज्या रेषेपासून उत्तरेकडे मोजतात ती पायारेषा इथे म्हणजे कॅन्सस आणि नेब्रास्का यांची सीमा, ४० अंश उत्तर अक्षांश. चौथी टाउनशिप त्या सीमेपासून १८ ते २४ मैलांच्या पट्ट्यात येते, आणि पाचव्या ओळीतला सेक्शन सीमेपासून १९ ते २० मैलांवर. रेंज ५ पूर्व म्हणजे मध्यान्हरेषा या उत्तर-दक्षिण मोजणीरेषेपासून पूर्वेला २४ ते ३० मैल, त्यातला हा सेक्शन २८ ते २९ मैलांवर. बिएट्रिस गावाच्या पश्चिमेला साधारण चार मैलांवर हे ठिकाण येतं. हा हिशेब हाताने एकदा तरी करावा, कारण टाउनशिपच्या पुढे ‘उत्तर’ ऐवजी ‘दक्षिण’ किंवा रेंजच्या पुढे ‘पूर्व’ ऐवजी ‘पश्चिम’ असं नकलून घेण्याची चूक फार होते आणि एका अक्षराने पूर्वज चाळीस-पन्नास मैल सरकतो.

आता चौकटी रंगवून पाहा. सेक्शनाचे ४० एकरांचे १६ तुकडे होतात. फ्रीमनचे चार: वायव्य चौथाईतले खालचे दोन, त्यातल्या उजव्याच्या डोक्यावर एक, आणि उजव्याच्या शेजारी पूर्वेला एक. म्हणजे खाली सलग तीन आणि मधल्याच्या वर एक, उलट्या ‘टी’च्या आकाराची जमीन. सरळ चौरस १६० एकर मागता येत असताना असा आकार कोणी मागत नाही. कारण आहे कब क्रीक हा ओढा. झाडं नसलेल्या त्या माळरानात ओढ्याकाठचं पाणी आणि इमारती लाकूड ज्याच्या हद्दीत आलं त्याचं निभावलं. चार तुकडे ओढ्याला धरून निवडले आहेत. माणसाने जमीन आधी पाहिली होती, नकाशावर बोट ठेवून मागितली नव्हती, हे कुठेही लिहिलेलं नसताना आकार सांगतो. मूळ सरकारी मोजणीचा नकाशा आणि मोजणीदाराची टाचणवही याच वर्णनावरून मिळते. त्यात ओढा कुठे ओलांडला, लाकूड कोणतं, माती कशी याच्या नोंदी असतात. पूर्वज तिथे पोचण्याआधीचं त्याच्या शेताचं वर्णन वाचायला मिळतं, यापेक्षा जास्त काय हवं.

याच वर्णनावरून ट्रॅक्ट बुक उघडावं. कोणत्या तुकड्यावर कोणी, कधी, कोणत्या कायद्याखाली अर्ज केला याची ही जमीनवार नोंदवही. तिच्या प्रतिमा फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या संकेतस्थळावर आहेत, पण टाउनशिपचं पान चाळत-चाळतच गाठावं लागतं. कष्ट वाजवी आहेत, कारण सनदांच्या सूचीत फक्त यशस्वी झालेले लोक सापडतात. दुष्काळाने, टोळधाडीने किंवा कर्जाने जमीन सोडून गेलेला पूर्वज त्या सूचीत नसतो, ट्रॅक्ट बुकात असतो. आणि सेक्शन २६ च्या भोवतालची पानं पाहिली की शेजारी कोण हे कळतं. ग्राफ आणि किलपॅट्रिक शोधायचे ते तिथे. साक्षीदार बहुधा शेजारी असत, अनेकदा सासरचे किंवा मूळ गावचे. पूर्वज कुठून आला हे त्याच्या स्वतःच्या कागदात नसेल तर साक्षीदाराच्या कागदात मिळतं. हौशी संशोधक हीच पायरी हटकून गाळतात.

पुराव्याचा कागद कसा वाचायचा

सनद हा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात पोकळ कागद. फ्रीमनच्या सनदेची तारीख १ सप्टेंबर १८६९, खाली राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचं नाव. भिंतीवर लावायला छान. पण ती सही ग्रँटच्या हातची नाही. १८३३ पासून अशा सनदांवर राष्ट्राध्यक्षांच्या वतीने नेमलेला सचिव सही करत असे. सनदेत ना कुटुंब, ना घर, ना पीक. ती पुरावा दिल्यानंतर एकोणीस महिन्यांहून जास्त काळाने निघाली, म्हणून सनदेच्या तारखेला ‘वसाहत केली’ असं लिहिणं चूक. वंशवृक्षाच्या संकेतस्थळांवर ही चूक हजारो घराण्यांत दिसते.

खरा ऐवज जमीन मागणीच्या फायलीत असतो. या फायली वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. १ जुलै १९०८ पूर्वीच्या फाइलसाठी राज्य, कचेरीचं नाव, मागणीचा प्रकार, अंतिम दाखल्याचा क्रमांक आणि जमिनीचं वर्णन अशा पाच गोष्टी द्याव्या लागतात. त्यानंतरच्या सनदांना देशव्यापी एकच क्रमांकमालिका असल्याने तो क्रमांक पुरतो. नेब्रास्काच्या होमस्टेड फायलींचं डिजिटायझेशन झालं आहे. इतर अनेक राज्यांच्या बाबतीत अजून प्रत मागवावी लागते.

फ्रीमनचा पुराव्याचा कागद उघडला की दोन प्रकारची अक्षरं वेगळी काढायची: छापलेली आणि लिहिलेली. छापील भाग कायद्याचा असतो आणि प्रत्येकाच्या कागदात तोच असतो. रिकाम्या जागी हाताने भरलेलं तेवढं पूर्वजाचं. ‘या घरालाच आपलं एकमेव घर मानून राहिला’ ही भाषा साचेबंद आहे. कारण सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ जागा सोडली तर हक्क जात होता, म्हणून कागद तसं म्हणणारच. मेंढवाड्याची लांबी मात्र कायद्याने विचारलेली नव्हती. ती कोणीतरी सांगितली, म्हणून लिहिली गेली.

या फरकावर पुढचा सगळा गुंता उभा आहे. साक्षीदार म्हणतात की फ्रीमन १ जानेवारी १८६३ पासून आजतागायत त्या घरात राहिला. प्रसिद्ध कथा म्हणते की तो त्याच दिवशी सैन्याकडे परतायला निघाला. दोन्ही अक्षरशः खरं असू शकत नाही. शिवाय त्याचं ॲग्नेस सूटरशी लग्न ८ फेब्रुवारी १८६५ रोजी आयोवातल्या ल क्लेअर इथे झालं, म्हणजे मधल्या काळात निदान एक लांबचा प्रवास नक्की. मग साक्षीदार खोटं बोलले का? तसं म्हणण्याची घाई नको. कचेरीला हवी होती ती तारीख हक्क सुरू झाल्याची, आणि साक्षीदारांनी ती दिली. तक्त्यात असं लिहावं: ‘हक्क १ जानेवारी १८६३ पासून; प्रत्यक्ष सलग वास्तव्य १८६५ नंतर अधिक संभवनीय; २० जानेवारी १८६८ ला वास्तव्य निश्चित.’ एका तारखेच्या जागी तीन तारखा आल्या. कागद जास्त सांगत नाही तेव्हा तेवढ्यावरच थांबलेलं बरं.

याच कागदात कुटुंब ‘पत्नी आणि दोन मुलं’ असं आहे. लग्नापासून या दिवसापर्यंत पस्तीस महिने होतात, दोन बाळंतपणं सहज बसतात. तरी ‘दोन्ही मुलं ॲग्नेसची’ असं यावरून लिहिता येत नाही. कागद कुटुंबाची संख्या सांगतो, आई सांगत नाही. निर्णय १८७० च्या जनगणनेतल्या वयांवरून करायचा, आणि तोही जपून, कारण घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं विचारायला १८८० मध्ये सुरुवात झाली. त्याआधी एका छताखाली राहणारं मूल मुलगा असेल, पुतण्या असेल किंवा कामाला ठेवलेलं पोर.

फ्रीमनची फाइल तशी पातळ आहे. १८७९ नंतर पुरावा देणाऱ्यांच्या फायली जाड असतात. त्या वर्षीच्या कायद्याने वर्तमानपत्रात जाहीर सूचना देणं सक्तीचं झालं, तिचं कात्रण फायलीत लागतं आणि साक्षीही प्रश्नोत्तरांच्या लांबलचक फॉर्मवर असते: दर वर्षी किती एकर पेरले, घरातून किती काळ बाहेर होता, का. पूर्वज परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल जोडलेली असते, कारण सनदेसाठी पूर्ण नागरिकत्व लागे. आणि अर्जदार मध्येच वारला तर विधवा पुरावा देई, सनद तिच्या नावे निघे. पुरुषाच्या नावाने सूचीत काही न सापडल्यास बायकोच्या नावाने पाहावं.

लढाई

फ्रीमन सैनिक होता का, या प्रश्नाचं उत्तर होमस्टेडच्या कागदांत नाही, आणि असायचं कारणही नाही. सैन्यातला काळ पाच वर्षांच्या वास्तव्यातून वजा करून देणारा कायदा १८७२ चा. त्यानंतरच्या माजी सैनिकांच्या फायलीत सेवामुक्तीच्या कागदाची नक्कल सापडते. १८६८ साली ती जोडून काही फायदा नव्हता. म्हणून इथे स्वतंत्र वाट धरावी लागते: केंद्रीय फौजांतल्या स्वयंसेवकांची संकलित सेवापत्रं, आणि पेन्शनची सूची. शोध घेताना पलटण ठाऊक नसेल तर नाव, राज्य आणि वय या तिघांचा मेळ बसल्याशिवाय कोणताही ‘डॅनियल फ्रीमन’ आपला म्हणू नये. फ्रीमनबद्दल टेहळ्या किंवा गुप्त कामगिरीवरचा माणूस असंही सांगितलं जातं. असे लोक बऱ्याचदा पगारी मुलकी असत, त्यांची नावं पलटणींच्या पटावर येतच नाहीत. लष्करी पोलिसप्रमुखांच्या दप्तरात टेहळे, वाटाडे आणि हेर यांच्या वेगळ्या नोंदी आहेत, तिथे पाहावं लागतं. पटावर नाव नाही म्हणून कथा खोटी, हा निष्कर्ष जितका चुकीचा, तितकाच कथा आहे म्हणून सैनिक होता हाही.

लग्नाच्या बाबतीत एक साधी गोष्ट बऱ्याच जणांना अडवते. लग्नाची नोंद शेताच्या काउंटीत शोधली जाते आणि सापडत नाही. ती बहुधा वधूच्या काउंटीत असते. फ्रीमनच्या बाबतीत नेब्रास्का नव्हे, आयोवातली स्कॉट काउंटी.

मेंढवाडा रिकामा होता का?

१८५० ते १८८० या चार जनगणनांत माणसांच्या तक्त्याबरोबर शेतीचाही तक्ता भरला गेला. शेतकरी पूर्वजाचं आयुष्य इथे उघडं पडतं आणि तरी बहुतेक जण हा तक्ता पाहत नाहीत. सुधारलेले एकर, पडीक एकर, शेताची किंमत, अवजारांची किंमत, घोडे, दुभत्या गाई, मेंढ्या, डुकरं, गहू-मका-ओट्सचे बुशेल, लोकर किती पौंड, लोणी किती पौंड, फळबागेचं उत्पन्न किती डॉलर.

पुराव्याचा कागद आणि १८७० चा शेतीतक्ता शेजारी ठेवले की साक्षीदारांची परीक्षा होते. ३५ एकर नांगरलेली जमीन ‘सुधारलेले एकर’ या रकान्यात किती झाली? १०० फूट मेंढवाड्यासमोर मेंढ्यांचा आणि लोकरीचा रकाना भरलेला आहे की कोरा? चारशे पीच आणि चाळीस सफरचंद हे प्रमाण शेतकऱ्याच्या नजरेने बरोबर आहे. पीच कोयीपासून फुकट उगवतं आणि तीन-चार वर्षांत फळ देतं, सफरचंदाला कलम आणावं लागतं आणि फळाला जास्त वाट पाहावी लागते. पाच वर्षांत काहीतरी दाखवायचं असलेला माणूस पीचच लावणार. दोन वर्षांनी फळबागेच्या रकान्यात डॉलर दिसले तर झाडं जगली. रकाना कोरा असेल तर हिवाळ्याने नेली, किंवा शपथेवर सांगितलेली झाडं म्हणजे जेमतेम रुजलेली रोपं होती.

शेतीतक्त्यात शेतकऱ्याचं नाव तेवढं असतं, वय नाही, बायको नाही. आधी माणसांच्या तक्त्यात पूर्वज गाठा, त्याच्या मागचे-पुढचे चार शेतकरी लिहून घ्या, मग शेतीतक्त्यात तीच नावं त्याच क्रमाने शोधा, कारण गणना करणारा माणूस एकच आणि फेरीही तीच. दुसरं, या जनगणनांची तारीख १ जून, आणि उत्पन्न त्याआधीच्या बारा महिन्यांचं. म्हणजे १८७० च्या तक्त्यातला मका १८६९ च्या हंगामाचा. ‘१८७० साली इतकं पिकलं’ असं छापील कुलवृत्तांतातसुद्धा वाचायला मिळतं, ते एका वर्षाने चुकलेलं असतं. आणि लहान शेतकरी या तक्त्यात नसू शकतो: १८५० मध्ये वर्षाला १०० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाची शेतं धरलीच नव्हती, आणि १८७० मध्ये तीन एकरांखालचं शेत ५०० डॉलरचं पीक असल्याशिवाय नोंदलं जात नव्हतं.

१८८० नंतर मोठं भगदाड पडतं. १८९० च्या जनगणनेचे माणसांचे तक्ते जानेवारी १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत सापडले आणि जवळजवळ सगळे गेले. शेतीचे तक्ते १८८० नंतरच्या जवळजवळ कुठल्याच फेरीचे जपले गेले नाहीत, पुढचेही सरकारने नष्ट होऊ दिले. नेब्रास्कावाल्यांचं नशीब असं की १८८५ साली केंद्राच्या मदतीने घेतलेली राज्याची वेगळी जनगणना शाबूत आहे, शेतीतक्त्यासह. वीस वर्षांची दरी पंधरावर येते.

विटांची शाळा, कोर्ट आणि काउंटी

सनदेनंतर जमीन केंद्राच्या दप्तरातून काउंटीच्या दप्तरात येते. बिएट्रिसच्या रजिस्टर ऑफ डीड्स, म्हणजे दस्तनोंदणी कचेरीच्या वह्यांत देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन सूची असतात. खरेदीखतांपेक्षा गहाणखतं आधी वाचावीत. सनद हाती पडताच जमीन गहाण टाकणं ही मैदानी मुलखातली नेहमीची गोष्ट, आणि गहाणखताच्या तारखा दुष्काळ, टोळधाड आणि भावांच्या पडझडीशी जुळवता येतात. १८७४ च्या टोळधाडीनंतरची पानं विशेष पाहावीत. जमीन सरकारी मालकीची असेपर्यंत तिच्यावर काउंटीचा कर बसत नव्हता. म्हणून ‘१८६५ च्या करयादीत जमीन नाही’ याचा अर्थ माणूस तिथे नव्हता असा होत नाही. गुरं-अवजारांवरच्या कराची यादी वेगळी असते, तिच्यात तो आधीपासून दिसू शकतो.

फ्रीमनच्या शेताजवळ १८७२ साली विटांची एक शाळा बांधली गेली, ती १९६७ पर्यंत चालली. नाव फ्रीमन स्कूल. झालं, पूर्वजाच्या नावाची शाळा! पण त्याच भागात थॉमस फ्रीमन नावाचा विटा पाडणारा होता आणि शाळेच्या विटा त्याच्या. शाळेचं नाव दोघांपैकी कोणाचं, यावर ठाम बोलता येत नाही. एका वस्तीत एकाच आडनावाची दोन असंबद्ध घराणी असणं ही शक्यता आधी फेटाळून मगच पुढे जायचं असतं.

शाळेशी डॅनियलचा निर्विवाद संबंध आला तो भांडणातून. तिथली शिक्षिका ईडिथ बीचर वर्गात बायबल वाचून दाखवी, प्रार्थना आणि धर्मगीतं घेई. फ्रीमनने हरकत घेतली, शाळा समितीने ऐकलं नाही, प्रकरण नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०२ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याचा स्वभाव या निकालपत्रातून कळतो, मेंढ्या-मक्याच्या रकान्यांतून तो कळला नसता. पण सूचीत ‘फ्रीमन’ शोधणाऱ्याला हा खटला चटकन सापडत नाही. तो ‘राज्य, फ्रीमनच्या फिर्यादीवरून, विरुद्ध शेव्ह’ अशा नावाने आहे, म्हणजे वर्णानुक्रमात ‘राज्य’ या शब्दाखाली. काउंटी कोर्टाच्या वह्यांत फिर्यादी आणि प्रतिवादी दोन्ही सूची पाहाव्यात आणि सरकारच्या नावाखालचीही.

जन्म आणि मृत्यू शेवटी, कारण त्यात करण्यासारखं थोडं आहे. फ्रीमनचा जन्म २६ एप्रिल १८२६ चा, ओहायोतल्या प्रेबल काउंटीतला असं मानलं जातं. ओहायोत काउंटी पातळीवर जन्मनोंद सुरू झाली १८६७ मध्ये. तेव्हा जन्मदाखला शोधत बसू नये. १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष विचारलं होतं, ते थडग्यावरच्या आणि घरच्या बायबलात लिहिलेल्या तारखेशी ताडून पाहावं. मृत्यू ३० डिसेंबर १९०८. नेब्रास्कात राज्यपातळीवर मृत्युनोंद १९०४ च्या अखेरीस सुरू झाली, म्हणजे दाखला असण्याच्या काळात तो मोडतो. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला मृत्यू असल्याने वर्तमानपत्रातली बातमी आणि वारसाहक्काचं प्रकरण मात्र १९०९ च्या वह्यांत पाहायचं. वारसाहक्काच्या फायलीत मालमत्तेची यादी असेल तर ती १८६८ च्या साक्षीच्या शेजारी ठेवावी: घर, तबेला, मेंढवाडा, झाडं.

डॅनियल आणि ॲग्नेस दोघांनाही त्याच जमिनीवर पुरलं आहे. १९३६ मध्ये काँग्रेसने तिथे राष्ट्रीय स्मारक करण्याचा कायदा केला आणि पुढे ती १६० एकर पुन्हा केंद्र सरकारकडे गेली. त्यामुळे सेक्शन २६ च्या या चार तुकड्यांची मालकीसाखळी लावणाऱ्याला एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. देणाऱ्यांच्या सूचीत पहिल्या ओळीला अमेरिकन सरकारचं नाव आहे, आणि साखळीचं शेवटचं टोक शोधायला घेणाऱ्यांच्या सूचीत पुन्हा तेच नाव पाहायचं आहे.